टकलं हरीण आणि फ्रीजरमधलं मटण

माझा भाचा अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात असतो, टॅकोमाच्या आसपास. (राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं, ते पार दुसऱ्या टोकाला. आमच्या पारावर हे मला दर वेळी नव्याने सांगावं लागतं.) गेल्या मार्चात त्याने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. घरामागच्या कुंपणापाशी एक हरिणी आणि तिचं पाडस. दोघांच्याही बरगड्यांवरचे, मांड्यांवरचे केस गेलेले, कुठे पिवळट बुचके उरलेले, कुठे थेट काळपट कातडी. मागोमाग त्याचा फोन. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, तो तिकडे जाऊनही विसरलेला नाही.

"मामा, हाई खावाले चालस का?"

"काय शे ते सांग ना भो पयले," मी म्हणालो.

प्रकरण असं होतं. शेजारी शिकारी. तिकडे रीतसर परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत हरणाची शिकार करता येते. नोव्हेंबरात त्याने मारलेल्या हरणाच्या मटणाची काही पाकिटं शेजारधर्म म्हणून याच्याकडे आली आणि फ्रीजरमध्ये जाऊन बसली. ती उघडायचा मुहूर्त लागायच्या आत अंगणात ही टकली जोडी उभी. भाचेसून म्हणाली, आधी ते फ्रीजरमधलं फेका. भाचा म्हणाला, थांब, मामाला विचारतो. मामा म्हणजे मी. शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून उभी नोकरी काढलेला माणूस. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं ते म्हणतात आणि मी ओ देतो.

फोटो पाहून पहिल्यांदा मनात आलं ते आपल्या शेळ्यांचं. दिवाळीनंतर थंडी पडली की शेळ्यांचे केस वाढतात, रात्री त्या गोठ्यात एकमेकींना खेटून बसतात आणि उवांचं फावतं. पाठीवरचे केस बोटांनी उलटे फिरवा. मुळाशी फिकट तपकिरी, दीड-दोन मिलिमीटरचे जीव सरसर सरकताना दिसतात, आणि केसांना घट्ट चिकटवलेली लिखांची रांग. नखाने ओढली तरी लीख सुटत नाही, केसच तुटतो. उवांचे दोन प्रकार. एक रक्त पिणाऱ्या. दुसऱ्या रक्ताच्या वाटेला न जाता कातडीवरचा कोंडा, केसांचे तुकडे असं काहीबाही कुरतडून जगणाऱ्या. या दुसऱ्या दिसायला गरीब, पण जनावराला खाजवून खाजवून हैराण करतात. शेळी खुंट्याला अंग घासते, भिंतीला घासते, शिंग मागे वळवून पाठ खाजवते, आणि चार दिवसांत तिथले केस साफ.

भाच्याच्या अंगणातल्या हरणांची गोष्ट याच दुसऱ्या प्रकारातल्या उवेची आहे. काळ्या शेपटीचं हे हरीण त्या पश्चिम किनाऱ्याचं. 1990 च्या दशकाच्या मध्यात पश्चिम वॉशिंग्टनमध्ये ही हरणं हिवाळ्याच्या शेवटी टकली होताना लोकांच्या ध्यानात आली, आणि मग हा प्रकार दक्षिणेला ओरेगॉनमध्ये पसरला. तपासणीत सापडली डॅमॅलिनिया वंशातली ऊ, आणि ती अमेरिकेची नव्हतीच. तिची नात्यागोत्याची जनावरं म्हणजे आशिया-युरोपाकडची हरणं आणि कुरंगं. ज्या हरणांबरोबर ती ऊ पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यांना तिचं विशेष काही वाटत नाही. काळ्या शेपटीच्या हरणाच्या कातडीला मात्र ती सोसत नाही. अंगाला भयंकर खाज सुटते. हरीण दिवसभर स्वतःला चाटत, दातांनी केस उपटत राहतं. वरचे राठ केस तुटतात, खालची फिकी लव उघडी पडते, मग तीही जाते. हे सगळं नेमकं हिवाळ्यात, चारा कमी आणि पाऊस-गारठा जास्त अशा वेळी. अंगातली ऊब निघून जाते आणि चरायचा वेळ खाजवण्यात जातो. पाडसं आणि माद्या जास्त मरतात, आणि अशा हरणांच्या फुप्फुसात बरेचदा कृमीही निघतात. जी उन्हाळ्यापर्यंत टिकतात त्यांना नवे केस येतात आणि जणू काही झालंच नव्हतं अशी ती फिरू लागतात.

ऊ हरणाला खात नाही. हरीणच स्वतःला चाटून चाटून संपवतं.

आता भाच्याचा प्रश्न. त्याने फोनवर "फक्त हो की नाही ते सांगा" असं म्हटलं होतं. हल्लीच्या पोरांना सगळं असं हो-नाहीत हवं असतं. पण आमच्या धंद्यात जनावर बघायचं म्हणजे आधी तारीख विचारायची. मी विचारलं, शेजाऱ्याने हरीण मारलं कधी? नोव्हेंबरात. टकलेपण दिसतं कधी? जानेवारी संपता संपता, ते एप्रिलपर्यंत. म्हणजे फ्रीजरमधल्या हरणाचे केस बहुधा शाबूत होते. त्याच्या अंगावर ऊ नव्हतीच असं मात्र नाही. शिकाऱ्याला ती दिसली नसेल, एवढंच.

आणि दिसली असती तरी मांसाचं काय बिघडलं असतं? ऊ कातडीवर राहते, कातडीबरोबर जाते. मांसात शिरत नाही. शिवाय उवेचं घर ठरलेलं असतं, फार तर ती नात्यातल्या जनावरापर्यंत जाते. हरणाची ऊ माणसाच्या डोक्यात संसार मांडत नाही, शेळीचीही नाही. जन्मभर शेळ्या चाळल्या, माझ्या डोक्यात त्या कधी राहिल्या नाहीत. (आता तर राहायला जागाच नाही.) कातडं काढल्यावर हात धुवा, कपडे झटका, विषय संपला.

मग खायचं नाही कधी? चोपड्याच्या बाजारात माझ्या ओळखीचा एक खाटीक आहे, हे त्याच्याइतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. गिऱ्हाईक मांडी बघतं, चाप बघतं. तो आधी बोकडाचा गुर्दा बघतो. गुर्द्याभोवती पांढरीशुभ्र, घट्ट, बोटाने दाबली तर ठसा उमटेल अशी चरबी असली की जनावर पोटभर खाऊन उभं होतं. चरबी पाणचट, पिवळट, लिबलिबीत, हाताला बुळबुळीत लागली, तर जनावर आतून वितळत होतं. उपाशी किंवा फार दिवस आजारी जनावर आधी कातडीखालची चरबी जाळतं, मग पोटातली, अगदी शेवटी नळीतला मगज. अशा वेळी नळी फोडली तर मगज दाट निघत नाही, लालसर पाणी निघतं. मग तो कलेजी आडवी कापतो आणि पित्ताच्या नळ्या दाबून बघतो. त्यातून कधीकधी पानासारखे चपटे कृमी बाहेर येतात. ओढ्याकाठच्या, गोगलगायी असलेल्या पाणथळ गवतावर चरलेल्या जनावरात हे पर्णकृमी हमखास. कलेजी बाजूला जाते, बाकीचं मटण विकलं जातं, आणि त्यात गैर काही नाही. त्या खाटकाला शाळेचं फारसं देणंघेणं नाही, पण अमेरिकेतला एखादा पशुवैद्य टकल्या हरणाबद्दल जे सांगेल तेच तो सांगतो. केस नव्हते म्हणून मांस टाकू नका. हाडाला कातडी चिकटली असेल, आत चरबी नसेल, फुप्फुसं सडलेली असतील, तर टाका.

ताटात ज्याची भीती धरायची ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशीय परजीवी हरणाच्या मांसात असू शकतो. मांजरांच्या विष्ठेतून तो गवतावर, पाण्यात येतो. अर्धकच्चं मांस खाल्लं तर तो माणसात येतो आणि पोटुशी बाईच्या गर्भाला धोका करतो. तिकडे हरणाचं मांस आतून लालसर ठेवायची मोठी हौस. मी भाच्याला म्हणालो, तुझ्या आईचा काळा मसाला काढ, कुकर लाव, रस्सा कर, कळण्याच्या भाकरीबरोबर खा. मांसाच्या आतलं तापमान 71 अंशांच्या वर गेलं की हे परजीवी मरतात, आणि शिट्टी होणाऱ्या कुकरात तर 120 च्या आसपास जातं. आपल्या बायका मटण रटरटवतात त्याला खेडवळपणा म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकून ठेवावं.

पण एका गोष्टीला कुकरही पुरत नाही. 1967 साली कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रात कोंडून ठेवलेली हरणं झिजून झिजून मरू लागली. त्याचं नाव पडलं क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. याला ना जंतू कारण ना कृमी, तर बिघडलेलं प्रथिन, प्रायॉन. ते मेंदूची चाळणी करतं. उकळून ते जात नाही. आज ते अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत आहे, आणि 2024 मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातही एका हरणात सापडलं. माणसाला तो रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी ज्या हरणाची तपासणी सकारात्मक येईल त्याचं मांस खाऊ नका असंच तिथली आरोग्य यंत्रणा सांगते. आणि गंमत अशी, की लागण झालेलं हरीण महिनोन्‌महिने, कधी वर्षभराच्या वर, अगदी ठणठणीत दिसतं. केस चकचकीत, मांड्या भरलेल्या. म्हणजे अंगणातलं टकलं, किळसवाणं हरीण खाण्याच्या हिशेबाने बरं, आणि भिंतीवर शिंगं टांगावीत असं देखणं हरीण कदाचित धोक्याचं. मी भाच्याला एवढंच सांगितलं: शेजाऱ्याला विचार, हरीण कुठल्या भागातलं, आणि तपासायला दिलं होतं का. केसांबद्दल काही विचारू नकोस.

हा फोन झाल्यावर दोन-तीन दिवस माझ्या डोक्यातून ती परदेशी ऊ जाईना. आशियाकडच्या हरणांची ऊ प्रशांत महासागर ओलांडून टॅकोमाच्या मागच्या अंगणात काय उडत गेली? हरणं नेली कुणीतरी. शोभेला, प्राणिसंग्रहालयाला, शिकारीला, म्हणजे शेवटी खायलाच. आणि बोटीत हरीण चढलं की त्याच्या अंगावरचं बिऱ्हाडही चढतं, त्याला तिकीट लागत नाही.

आपल्या चितळाचंच बघा. 1868 साली हाँगकाँगहून राजे कामेहामेहा पाचवे यांना भेट म्हणून चितळ हवाई बेटांवर गेले. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही, कोळसुनी नाहीत. आता काही बेटांवर चितळांनी कुरणं, फळबागा खाऊन लोकांना सळो की पळो करून सोडलंय, आणि त्यांचं मांस रीतसर तपासून, पाकिटात भरून विकतात. जे चितळ मारलं तर इथे तुरुंगवारी ठरलेली, ते तिथे दुकानात.

आणि आपलं रोही! हरभऱ्यात घुसलेल्या रोह्यांच्या मागे रात्र रात्र डबे बडवत धावलेला माणूस इथे गावोगाव भेटेल. तेच रोही, म्हणजे नीलगाय, 1920-30 च्या दशकांत दक्षिण टेक्सासमधल्या एका मोठ्या रँचवर सोडलं गेलं. आज तिथे ती हजारोंनी आहेत, लोक पैसे मोजून त्यांची शिकार करतात. आता दुसरी बाजू ऐका. आपल्या गाई-बैलांच्या कासेला, कानामागे, शेपटीच्या बुडाला जी गोचीड टच्च फुगून चिकटलेली असते, तीच गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, फार पूर्वी आशियातून गुरांबरोबर जगभर गेली. तिच्यामुळे गुरांना गोचीडताप येतो, लघवी लाल होते, संकरित गाय तर दोन दिवसांत आडवी. अमेरिकेने 1906 पासून गुरं औषधाच्या हौदात बुडवून बुडवून 1943 पर्यंत ही गोचीड देशातून हाकलली. राहिली फक्त मेक्सिकोच्या सीमेवरची एक पट्टी. त्या पट्टीत आज एक मोठी डोकेदुखी कोण, तर आपलं रोही. गाय हाकून हौदात घालता येते. रोह्याला कोण हाकणार? ते कुंपणं ओलांडून मैलोन्‌मैल जातं आणि अंगावर आपली देशी गोचीड घेऊन जातं. खान्देशातल्या गोठ्यातली गोचीड आणि खान्देशातल्या शिवारातलं रोही, दोघांनी तिकडे टेक्सासात जाऊन पुन्हा जोडी जमवली. हे मी पारावर सांगितलं तर एक जण म्हणाला, "डॉक्टर, आमची उरलेली रोही पण न्या म्हणा तिकडे." पीक गेलेल्या माणसापुढे ज्ञान पाजळू नये, मी गप्प बसलो.

आपल्या जंगलात टकली हरणं दिसत नाहीत असं नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेला मी यावल अभयारण्यात मचाणावर बसलेलो आहे. एकदा पहाटे एक सांबर मादी पाण्यावर आली. मान वर केली तर गळ्याखाली रुपयाच्या नाण्याहून मोठा, केस नसलेला लालभडक चट्टा, ओलसर, रक्त येतंय की काय असा. सोबतचा पोरगा कुजबुजला, "खरूज." खरूज नव्हे ती. सांबरात गळ्याखालचा हा चट्टा जुन्या शिकाऱ्यांपासून आजच्या अभ्यासकांपर्यंत सगळ्यांनी पाहिलाय. नरांना होतो, माद्यांनाही होतो. कुणी म्हणतं ती वास सोडणारी ग्रंथी, कुणी त्यात कृमींचा हात बघतं. शिवाय ऐन उन्हाळ्यात सांबराचे केस असेही झडतात, ते मे महिन्यात भंगार दिसतं आणि पावसाळ्यात पुन्हा देखणं होतं. खरी खरूज वेगळीच असते. कातडी जाड, सुरकुतलेली, कपच्या पडलेली, कडांना भेगा, आणि जनावर माणसाला बुजेनासं झालेलं. तसं हरीण किंवा कोल्हं दिसलं तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, मोबाइल काढायचाच असेल तर वनखात्याचा 1926 फिरवा.

भाच्याने मला मध्येच विचारलं होतं, मामा, तुम्ही खाल्लंय का हरीण? माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. त्यांच्या पिढीच्या गप्पांत सातपुड्याची शिकार, दोरीवर वाळत घातलेल्या मांसाच्या पट्ट्या हे सगळं होतं. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि त्या गप्पा गप्पाच राहिल्या. आज चिंकारा किंवा काळवीट मारलं तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं आत, आणि नुसतं मांस घरात सापडलं तरी गुन्हा. मला हा कायदा पटतो. पण माझ्या धंद्याच्या बाजूने आणखी एक सांगतो. चोरून आणलेलं मांस कुणी तपासत नाही. अंधारात कापतात, पिशवीत येतं, रात्रीच्या रात्री शिजतं. ते फासात अडकून दोन दिवस तडफडलेलं होतं की पाणवठ्यात युरिया कालवून मारलेलं, हे खाणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. तिथे ना कुणी गुर्दा बघत ना कलेजी.

2022 च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यात चिनावलला लम्पी निघाला, आणि बघता बघता सगळ्या जिल्ह्यात गुरांच्या अंगावर गाठीच गाठी. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत आम्ही गावोगाव फिरलो. लम्पी पसरवतात माश्या, डास, गोचीड. माणसाला तो होत नाही. पण त्याच लाटेत राजस्थानात बिकानेरकडे मोकळ्या चिंकाऱ्यांना लम्पी झाल्याचं नंतर तपासणीत निघालं. तेव्हापासून जंगलकडेची गुरं बघताना माझी नजर बदलली. उन्हाळ्यात काठेवाडी आपली गुरं घेऊन येतात, साक्री-शिंदखेड्याकडून ठेलारी मेंढ्या घेऊन फिरतात, पावरा पाड्यांवर शेळ्या असतातच, आणि मे महिन्यात डबकं सगळ्यांचं एकच. गाय दुपारी पिऊन जाते, सांबर रात्री येतं. गाईच्या अंगावरून गळलेली गोचीड गवतात अंडी घालते, पिलं गवताच्या शेंड्यावर चढून बसतात, पुढे कोण जाईल त्याला चिकटतात. ते गाय-सांबर बघत नाहीत. आपण बघतो. गुरं एका खात्याची, हरणं दुसऱ्याची, आणि दोन्ही खात्यांच्या बैठका वेगळ्या दिवशी.

म्हणून निवृत्त झालो तरी पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, अनेर धरणाच्या वरच्या अंगाच्या पाड्यांवर मी फवारणीचा पंप घेऊन जातो. पैसे कुणी देत नाही, चहा मिळतो. तिथे एक म्हातारी आहे, तिच्या गोठ्यात मी गेल्या दिवाळीनंतर पंप उघडला आणि ती आडवी आली. तिच्या कोंबड्या रोज सकाळी बैलांच्या पायांत फिरून फुगलेल्या गोचिड्या वेचून खातात. औषध मारलेली गोचीड खाल्ली तर कोंबड्या मरतील, असं तिचं म्हणणं. चूक काहीच नव्हतं. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं, कोंबड्या दोन दिवस डालग्याखाली, शेळ्या-बैलांवर मी फवारायचं, आणि कोंबड्यांचं दोन दिवसांचं दाणापाणी माझ्याकडून.